‘तिसरी ईद’चे कव्हर

जावयाने सासरच्या एखाद्या कामात हौसेने हात घातला आणि ते काम बघता बघता सगळ्या घराचे होऊन बसले, या घाटाची कथा पश्चिम सुमात्राच्या डोंगराळ मुलखात निदान तीन रूपांत ऐकायला मिळते. बातुसांगकारकडच्या रूपात जावई सुतार असतो. तो नव्या दाराची चौकट कोरायला घेतो, आणि घरातल्या प्रत्येकाच्या आवडीची वेलबुट्टी कोरता कोरता शेवटी चौकटीत दारच बसेनासे होते. बुकिटिंगीच्या बाजारात चालणाऱ्या रूपात तो शिंपी असतो. लग्नाच्या मखरावर इतक्या झालरी चढतात की नवरीला बसायला जागा उरत नाही. तिसरे रूप सर्वांत अलीकडचे, पायाकुंबुहच्या कॉफीच्या टपऱ्यांवरचे. त्यात जावई फ्लेक्स छापतो, आणि वस्तू म्हणजे मोबाईलवर येणाऱ्या गाण्याचे कव्हर. सांगणारे बहुधा स्वतःच जावई असतात, त्यामुळे कथेची सहानुभूती कोणत्या बाजूला झुकते हे निराळे सांगायला नको.

तिन्ही रूपांचा पाया एकच. घर बाईचे, शेत बाईचे, कूळ आईकडून चालणारे. लग्न झाले की पुरुषाने कपड्यांची पेटी उचलून बायकोच्या घरी जायचे. आपल्याकडे ज्याला घरजावई म्हणून हिणवतात तो इथे अपवाद नसून नियम आहे. (हिणवणे मात्र दोन्हीकडे सारखेच.) लोकांनी जावयांचे वर्गीकरणही करून ठेवले आहे. हिरवी माशी, म्हणजे अंडी घालून उडून जाणारा. खाजकुयली, म्हणजे ज्याच्या नुसत्या वाऱ्याने घराला खाज सुटते तो. जुनी चटई, म्हणजे जिथे टाकली तिथे पडून राहणारा. आणि चौथा, ज्याच्या येण्याने घराची शोभा वाढते तो. या चौथ्या प्रकाराचे उदाहरण मागितले की लोक शेजारच्या गावाकडे बोट दाखवतात.

प्रस्तुत कथेतल्या जावयाचे नाव स्याफ्रिनाल. अर्थात हे नाव त्याच्या आईच्या घरी चालत असे. लग्नानंतर सासरच्या माणसांनी पुरुषाला नावाने हाक मारणे अशिष्ट समजतात, त्याला पदवी मिळते. त्याला ‘सुतान’ मिळाली होती. पदवी राजपुत्राची, आणि बसायची जागा दाराजवळची. बाजाराच्या कडेला त्याचे छोटे दुकान होते. लग्नाचे, बारशाचे, हजला जाणाऱ्यांच्या निरोपाचे फ्लेक्स तो छापी. त्या भागातल्या शुभेच्छाफलकांची रीत अशी की लग्न कोणाचे आहे हे जवळ जाऊन शोधावे लागते, पण शुभेच्छा कोणी दिल्या आहेत हे रस्त्याच्या पलीकडून वाचता येते. या कलेत तो पारंगत होता, आणि पुढे जे घडले त्याचे निम्मे बीज या पारंगततेतच आहे.

त्याची बायको एल्मियार्ती, घरात एल्मी, लग्नांमध्ये गात असे. एका माणसाचा की-बोर्ड, दोन भलेमोठे स्पीकर आणि ती. आवाज तिचा ओळखीचा होता, नाव कोणाच्या ओळखीचे नव्हते. त्या वर्षी तिने पायाकुंबुहच्या एका स्टुडिओत स्वतःचे पहिले गाणे ध्वनिमुद्रित केले. परगावी गेलेल्या नवऱ्याची तिसऱ्या ईदेलाही वाट पाहणाऱ्या बाईचे ते गाणे होते, म्हणून त्याचे नाव ‘तिसरी ईद’. जाकार्ता, पेकानबारू, मलाक्का, जिकडे तिकडे पोटामागे गेलेली माणसे ईदेला घरी परततात; ते गाणे त्याच दिवसांत यायला हवे होते. ईद उलटली की माणसे परत जातात, आणि वाट पाहण्याचे गाणे ऐकायला फक्त वाट पाहणाऱ्या बायका उरतात. त्यांना ते ऐकायची गरज नसते.

स्टुडिओचा मालक रिझाल म्हणाला, गाणे कंपनीकडे मी पाठवतो, तिथून ते सगळ्या ॲपवर जाईल; कव्हर तेवढे द्या. एल्मीच्या बहिणीचा नवरा आर्माइझॉन पेकानबारूत फोटोस्टुडिओ चालवतो, त्याला सांगू का, असे एल्मीने विचारले. स्याफ्रिनालने नकारार्थी मान हलवली.

“करतो मी. दिवसाला चार-पाच फ्लेक्स काढतो. एवढंसं चौकोनी चित्र ते काय!”

(चौकट कोरणारा सुतार आणि झालर लावणारा शिंपी हेही अगदी याच अर्थाचे वाक्य बोलतात. या वाक्याविना कथा सुरूच होत नाही.)

वस्तुनिष्ठपणे सांगायचे तर त्याने पहिल्याच दुपारी उत्तम कव्हर केले. एल्मीचा निळ्या ओढणीतला फोटो, मागे भातशेतीच्या हिरव्या पायऱ्या, वर गाण्याचे नाव, खाली तिचे. बाकी काही नाही. कथा इथेच संपू शकली असती. पण रंग पाहायचा तर छापून पाहायचा, ही धंद्याची सवय. त्याने ते चित्र हातभर लांबी-रुंदीच्या फ्लेक्सवर छापले, घरी आणले आणि ओसरीवर टांगले.

जे ओसरीवर टांगले ते घराचे झाले. घराचे झाले की त्यावर एकमत व्हावे लागते, आणि एकमत हा त्या मुलखात एखाद्या पिकासारखा प्रकार आहे. त्याला मशागत लागते.

इथे बोलण्याची एक रीत सांगणे अगत्याचे आहे. जावयाशी सरळ बोलायचे नाही. त्याला हे करा, ते नको, असे म्हणणे म्हणजे त्याचा अपमान; जे सांगायचे ते तिरके सांगायचे, मांजराला, कोंबडीला, आभाळाला, आणि ज्याला कळायचे त्याला ते कळते. ‘लेकी बोले सुने लागे’ ही आपल्याकडे सासूची खोड समजतात. इथे ती सभ्यता आहे, आणि सुनेच्या जागी जावई बसवला आहे. जावयानेही उलट बोलताना तीच वाट धरायची. या घरात स्याफ्रिनालने जी वर्षे काढली त्यांत त्याला उद्देशून एक सरळ वाक्य बायकोखेरीज कोणी बोलले नव्हते, आणि एकही आज्ञा त्याच्या हातून मोडली नव्हती.

संध्याकाळी सासू, जिला घरात सगळे अमाक म्हणजे आई म्हणत, ओसरीवर नारळ खोवत बसली होती. रमझान चालू होता, रोजा सोडायला थोडाच अवकाश होता. तिने फ्लेक्सकडे पाहिले आणि मांजराला म्हणाली, “पोरगी बांबूच्या पोटातून निघाली असावी. आई नाही, कोणी नाही. एकटी उभी आहे बिचारी शेतात.”

दुसऱ्या दिवशी एल्मीच्या खांद्यामागे अमाक उभी होती.

त्यानंतर अमाकचा थोरला भाऊ आला. आपल्याकडचा मामाच, पण हा मामा कुळाचा मुखत्यारही असतो. भाच्यांची लग्ने, जमिनीचे वाद, घराचे छप्पर, सगळे त्याच्या शब्दाने चालते. त्याला सगळे दातुक म्हणत. दातुकने रोजा सोडला, खजूर चावला, कॉफी संपवली, आणि मग फ्लेक्सकडे अशा नजरेने पाहिले जशी तो विक्रीला आलेल्या म्हशीकडे टाकी.

“छान आहे,” तो कॉफीच्या रिकाम्या कपाला म्हणाला. “शेत छान आलंय. पाठीशी घर नसलं की माणूस वाऱ्यावर, असं म्हातारी माणसं म्हणायची. पण ती गेली. आता काळ वेगळा.”

दुसऱ्या दिवशी भाताच्या जागी म्हशीच्या शिंगांसारख्या छपराचे कुळाचे मोठे घर आले. ते पाहून दातुकने आभाळाला सांगितले की घर दिसते आहे हे बरेच झाले, आता या घराला कर्ता पुरुष नाही असे परक्यांना वाटू नये म्हणजे मिळवली. म्हणून दातुक आला. त्याचा धड फोटो एकच, ओळखपत्रावरचा, नखाएवढा. तो मोठा करताना दातुकचा चेहरा उकडलेल्या रताळ्यासारखा दिसू लागला. पण चेहऱ्याखाली पूर्ण पदवी ठळक अक्षरांत आल्याने ओळखण्याचा प्रश्न उरला नाही. पेकानबारूहून मेव्हणीने तिचा आणि आर्माइझॉनचा फोटो पाठवला. बरोबर शब्द एकही नव्हता. शब्दाची गरजही नव्हती.

आणि हात सवयीने चालतोच. कोपऱ्यात जागा उरली म्हणून स्याफ्रिनालने ‘ईदच्या हार्दिक शुभेच्छा’ घातले, आणि लग्नकार्यासाठी संपर्क म्हणून एल्मीचा फोन नंबर.

एल्मी त्या दिवसांत स्वयंपाकघरातून बाहेर येत नव्हती. ईदेच्या बिस्किटांच्या ऑर्डरी होत्या. पीठ लागलेल्या हातांनी ती एकदा ओसरीवर आली, बराच वेळ पाहत राहिली.

“उदा,” ती म्हणाली (बायका नवऱ्याला उदा म्हणतात, म्हणजे दादा), “माझं नाव कुठंय?”

“आहे की. छपराच्या डाव्या शिंगाखाली.”

ती वाकून वाचू लागली. मग काही न बोलता आत गेली. स्याफ्रिनालने त्याचा अर्थ मान्यता असा घेतला. तिरक्या बोलण्याला सरावलेल्या माणसाला मौनही बोलणेच वाटते.

पाठवलेले चित्र कंपनीने परत केले. रिझालने तिची कारणे फोनवरून वाचून दाखवली. फोन नंबर चालत नाही. शुभेच्छा चालत नाहीत. एक चेहरा अस्पष्ट आहे. आणि चित्रावर फक्त गाण्याचे आणि गाणाऱ्याचे नाव हवे; दुसऱ्या कोणाचे नाव असेल तर तो माणूस गाण्यात असला पाहिजे.

“दातुक गातात का?” रिझालने विचारले.

“नाही.”

“मग त्यांना गायला लाव, नाहीतर काढून टाक.”

या दोन पर्यायांपैकी पहिल्याचा स्याफ्रिनालने खरोखर विचार केला, कारण तो सोपा होता. परंतु गाणे आधीच पाठवले गेले होते. रिझालने पुढे हेही सांगितले की कंपनीची माणसेही ईदेला घरी जाणार. त्यांच्या सुटीच्या आत चित्र मंजूर झाले नाही तर तिसरी ईद चौथ्या ईदेला येईल.

नंबर आणि शुभेच्छा पुसणे ही मिनिटाची गोष्ट. प्रश्न दातुकच्या नावाचा होता. जावयाने मामाचे नाव पुसावे याला परंपरेत आधार नाही. त्याला तसे सांगावे याला तर मुळीच नाही. राहिला तिरका मार्ग. दातुक आपल्या माशांच्या तळ्यावर कोंडा टाकत बसला होता तिथे स्याफ्रिनाल गेला, आदराच्या अंतरावर उकिडवा बसला, आणि पाण्याकडे पाहून म्हणाला की होड्यांचेही विचित्रच असते. माणसे फार बसली की भल्या भल्या होड्या काठ सोडत नाहीत.

 माशांनी कोंडा संपवला.

“बरोबर आहे,” तो माशांना म्हणाला. “होडी भरलेली असली की नावाडी मागं बसून कसं भागेल? तो सगळ्यांना पुढं दिसायला हवा.”

दुसऱ्या दिवशी दातुक चित्रात पुढे आला.

(शिंपी असलेल्या रूपात या जागी होडीऐवजी भाताचे कोठार येते, निष्पत्ती तीच. अभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय हे की तिन्ही रूपांत उपमा जावई निवडतो आणि अर्थ मामा.)

अशा परिस्थितीत एका दुपारी स्वयंपाकघरात अमाकने तांदूळ निवडता निवडता मान वर केली आणि म्हणाली, “सुतान, त्या चित्रातून मला काढा.”

स्याफ्रिनालने मांजर शोधले. मांजर नव्हते. कोंबड्या अंगणात होत्या. आभाळ स्वयंपाकघरातून दिसत नाही. वाक्य त्यालाच उद्देशून होते, त्याच्या पदवीने सुरू झाले होते आणि क्रियापदाने संपले होते. असे वाक्य त्याला या घरात प्रथमच मिळत होते, आणि कोणीतरी अचानक हातात तान्हे मूल द्यावे तसा तो ते धरून उभा राहिला.

तो “बरं” म्हणाला, आणि रोजा सोडल्यावर टपरीवर गेला. तिथे गावातले जावई जमत. घरात ज्यांना दाराजवळ बसावे लागते ते तिथे मधोमध बसतात. स्याफ्रिनालने वाक्य जसेच्या तसे मांडले. त्यावर जी चर्चा झाली तिची खोली एखाद्या धर्मग्रंथाच्या टीकेला शोभली असती. सासू सरळ बोलली म्हणजे रागाने टोक गाठले, यावर कोणाचे दुमत नव्हते. राग कशाचा? दातुक पुढे आला आणि ती मागे राहिली, याचा. मग काढा म्हणाली ती कशाला? पुढे घ्या असे स्वतःच्या तोंडाने कोण म्हणेल? एका टकल्या जावयाने दाखलाही दिला.

“माझी सासू एकदा म्हणाली, आज मला भात नको. मी वाढला नाही.” तो कॉफीत डोकावून पाहत राहिला. “अजून माझा भात ती वाढत नाही.”

निकाल तिथेच लागला. दुसऱ्या दिवशी अमाक चित्राच्या मध्यभागी होती, सर्वांत मोठी, मोठ्या घराच्या दारापेक्षाही उंच. दातुकच्या पदवीसाठी स्याफ्रिनालने एक युक्ती काढली: अक्षरे छपराच्याच तपकिरी रंगाची केली, म्हणजे कंपनीला दिसू नयेत आणि दातुकला माहीत असावीत. एल्मीचा चेहरा उजव्या बाजूला थोडा आत सरकवावा लागला. त्याने चित्र पाठवून दिले आणि त्या रात्री त्याला झोप चांगली लागली.

कंपनीचे उत्तर आले. रिझालचा आवाज थकलेला होता.

“छपरात काहीतरी लिहिलंय, ते वाचता येत नाही म्हणतात. आणि विचारतात, गायिका यातली कोण? ती मोठी म्हातारी का?”

“नाही.”

“मी ‘नाही’ म्हणून सांगितलं. मग विचारतात, ती कोण?”

याचे उत्तर स्याफ्रिनालपाशी होते, पण ते कंपनीला समजले असते असे त्याला वाटेना. रिझालने शेवटचे सांगितले: उद्या दुपारपर्यंत. त्यानंतर तिकडे दिवे मालवून कुलूप लागते.

तो घरी आला तेव्हा एल्मी भट्टीपुढे बसली होती. अननसाची बिस्किटे एकेक करून डब्यात भरत होती. त्याने फोन पुढे केला. तिने चित्र पाहिले, फोन पालथा ठेवला आणि बिस्किटे भरणे चालू ठेवले.

“लग्नात माझी पाळी आली की माईकवाला काय म्हणतो, माहीत आहे तुम्हाला?” ती म्हणाली. “म्हणतो, आता एक गाणं होऊन जाऊ दे. कोण गाणार ते सांगत नाही. गाणं झालं की म्हणतो, जेवणं तयार आहेत. इतकी वर्षं मी जेवणाच्या आधीचं गाणं आहे. मला वाटलं, एकदा तरी आधी नाव येईल आणि मग गाणं.”

स्याफ्रिनालने एक रिकामा डबा तिच्यापुढे सरकवला.

“अमाकनं काढा म्हटलं तेव्हा तुम्ही काय केलंत?”

“मोठं केलं.”

“का?”

“सरळ बोलली ती.”

एल्मीच्या हातातले बिस्कीट डब्याच्या काठावरच राहिले. “उदा, नमाजाला गेली की बायका तिला चिडवतात. या वयात गायला लागलीस का म्हणून. ती लाजून चार दिवस मशिदीत गेलेली नाही. काढा म्हणजे काढा.”

“मग तिनं तसं—”

“तसंच सांगितलं.”

यानंतर स्याफ्रिनालने जे केले त्याला उरलेल्या दोन रूपांत समांतर प्रसंग नाही; तिथला सुतार चौकट जाळतो आणि शिंपी आजारी पडतो. हा तळ्यावर गेला. दातुक बसलेलाच होता. स्याफ्रिनाल बसला नाही. होडी, कोठार, वारा यांपैकी काहीही मध्ये न घालता तो दातुकच्या तोंडाकडे पाहून बोलला, आणि त्याचे त्यालाच आपला आवाज शेजारच्या शेतातून आल्यासारखा वाटला.

“दातुक, तुमचा फोटो आणि नाव मी काढतोय. त्या चित्रात फक्त एल्मी चालते.”

मासे पृष्ठभागाशी आले आणि परत खाली गेले. दातुकने कोंड्याचा हात झटकला.

“घालायला मी सांगितलं होतं?”

स्याफ्रिनालने ती संध्याकाळ आठवून पाहिली. खजूर आठवला, कॉफीचा कप आठवला, आभाळ आठवले. तसे वाक्य कुठेच नव्हते.

“नाही.”

“मग काढायला मला कशाला विचारता?”

मेव्हणीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, आम्ही तर नुसता फोटो पाठवला होता, बघायला. अमाकने काही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या ओझ्याखाली तो इतके दिवस वाकला होता ते त्याच्या डोक्यावर कोणीच ठेवलेले नव्हते, ही गोष्ट गावातल्या कोणत्याही पंचायतीपुढे निर्विवाद ठरली असती. त्याने दुकान उघडले, पहिल्या दुपारचे चित्र शोधून काढले, निळी ओढणी, हिरवे भात, वर गाण्याचे नाव आणि खाली गाणारीचे, आणि कशालाही हात न लावता ते पाठवून दिले. (हात न लावणे हे या संपूर्ण कामात त्याला सर्वांत जड गेले, असे सांगणारे सांगतात. उजव्या कोपऱ्यात बरीच जागा रिकामी होती.)

चित्र मंजूर झाले. ईदेच्या सकाळी गाणे आले.

नमाजानंतर घर माणसांनी भरले. पेकानबारूची, जाकार्ताची, समुद्रापलीकडची माणसे चटयांवर दाटीवाटीने बसली, केतुपताचे, म्हणजे नारळाच्या पानांत गुंडाळून शिजवलेल्या भाताचे, वेढे सोडू लागली. कोणीतरी फोन पुढे केला, चित्र उजळले, आणि जाकार्ताहून आलेल्या एका काकाने गाणे लावण्याआधी चष्मा सावरून मोठ्याने वाचले: “तिसरी ईद. एल्मियार्ती.” मग गाणे सुरू झाले. आत स्वयंपाकघरात एल्मी रेंदांगच्या, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेल्या मांसाच्या, कढईत डाव फिरवत होती. डाव थांबला. रेंदांग खाली लागेल म्हणून अमाकने तिच्या हातातून डाव घेतला आणि स्वतः फिरवू लागली; बाहेर जा, असे तिने कोणाला सांगितले नाही, मांजरालाही नाही. एल्मी दाराच्या आडोशाला उभी राहून गाणे संपेपर्यंत ऐकत राहिली.

त्या दिवशी स्याफ्रिनालकडे पाहुण्यांनी पुन्हा पुन्हा वळून पाहिले. चित्र कोणी केले, असे विचारले गेले, आणि एल्मीने सर्वांदेखत उदांनी केले म्हणून सांगितले. आर्माइझॉननेही, स्वतः त्या धंद्यातला असून, चित्रात गर्दी नाही हे विशेष, असे बोलून दाखवले. दातुकने रेंदांगची वाटी जावयाच्या दिशेने जराशी सरकवली, वाटीकडेच पाहत.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाड्या निघण्यापूर्वी मोठ्या घरापुढे सगळ्यांचा फोटो काढायचा ठरले. अशा फोटोची मांडणी ठरलेली असते. मधोमध दातुक आणि अमाक, त्यांच्या दोन्ही बाजूंना मुली आणि भाच्या, पुढे जमिनीवर पोरे. जावई कुळाचे नसल्याने दोन्ही टोकांना. फोटो लांबलचक आला, कारण घर लांबलचक होते. तो पाहून दातुक छपराला म्हणाला की हल्ली चौकोनी चित्रेच बरी दिसतात, कालचे ते गाण्याचे कसे नीट बसले होते.

स्याफ्रिनाल आता शिकला होता. त्याने तर्क केला नाही.

“चौकोनी करू का, दातुक?” त्याने विचारले.

“करा,” दातुक म्हणाला. एकच शब्द, आणि तो सरळ.

त्याने दुकानात जाऊन फोटो चांगल्या कागदावर मोठा छापला. घराची शिंगे तुटू न देता, अमाक बरोबर मध्ये ठेवून, पट्टी लावून कटरने दोन्ही बाजू एकेका झटक्यात कापल्या. काठ इतका सरळ आला की त्याचे त्यालाच समाधान वाटले. फ्रेम करून संध्याकाळी त्याने तो बाहेरच्या खोलीत टांगला. अमाकने ओढणीने काच पुसली आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत ती मोजत गेली.

“सगळे आले,” ती म्हणाली.

कापलेल्या दोन पट्ट्या दुकानातल्या टेबलावर राहिल्या होत्या. डाव्या पट्टीत आर्माइझॉन होता आणि उजव्या पट्टीत स्याफ्रिनाल.